पोटखराब्यातली आसवं

भाद्रपदात सड्यावर चप्पल घालून फिरायचं नाही, असा आज्जीचा दंडक होता. का म्हणून विचारलं की म्हणायची, "पायाखाली सीतामाईची आसवं हाईत, पोरी. रावणानं वढत नेली तवा हितं पडल्याती."

मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. आजोळ पाटण तालुक्यातलं. गाव डोंगराच्या कुशीत आणि गावाच्या डोक्यावर सडा. शहरात वाढलेल्यांसाठी सांगते, अंगणात शेणाचा घालतात तो सडा वेगळा. आमच्याकडे सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट, उघडं पठार. तालुक्यात सडावाघापूर नावाचं गावच आहे, त्याच्या नावात हाच सडा. उन्हाळ्यात त्यावर पाय ठेववत नाही इतका तापतो, आणि नजर जाईल तिथवर काळपट तांबडा खडक. मृगाचा पाऊस लागला की दगडाच्या खळग्यांत पाणी साठतं, शेवाळ धरतं, बोटभर गवत येतं. पुढे श्रावण सरता सरता एका सकाळी धुकं वर उचललं जातं आणि सडा निळा झालेला असतो.

जांभळट निळा. फूल बघावं तर करंगळीच्या नखाएवढं. दोऱ्याएवढ्या देठावर दोन-चार फुलं, एकावर एक. प्रत्येकाला दोन ओठ: वरचा लहान, उभा, खालचा मोठा, गोल, मध्ये फुगीर आणि त्या फुगवट्यावर पांढरा ठिपका. खालून मागच्या बाजूला एक टोकदार शेपटी, तिच्यात मध. पाऊस पडून गेला की खालच्या ओठावर एकच थेंब थरथरत राहतो. आज्जीनं तो थेंब दाखवला होता. त्यानंतर मला ती गोष्ट खरीच वाटायला लागली, आणि सड्यावर मी अनवाणीच जायला लागले.

या फुलाचं शास्त्रीय नाव युट्रिक्युलॅरिया. कासच्या पठारावर निळे गालिचे म्हणून जे फोटो फिरतात, ते बहुतेक यातल्या युट्रिक्युलॅरिया पर्प्युरासेन्स या जातीचे असतात, आणि त्यांच्यात मिसळलेली पांढरी बटणं म्हणजे गेंद. हिची एक बहीण, युट्रिक्युलॅरिया रेटिक्युलाटा, फुलावर शिरांचं जाळं मिरवते आणि भाताच्या खाचरात गवताच्या काड्यांना विळखे घालत उभी राहते. केरळात तिला कावळ्याचं फूल म्हणतात आणि ओणमच्या फुलांच्या रांगोळीत घालतात. आपल्याकडे सीतेचं रडणं, तिकडे सणाची रांगोळी. मला दोन्ही आवडतं, तरी मनात पहिलं नाव आज्जीचंच येतं.

लहानपणी मी ही फुलं खुडून घरी न्यायचा प्रयत्न बरेचदा केला. उतरणीच्या वाटेवर निम्म्यात येईपर्यंत मुठीत ओला दोरा तेवढा उरायचा. मग एकदा मुळासकट न्यायचं ठरवलं. विळ्याच्या टोकानं चिखलाचा गोळा उचलला, डालड्याच्या डब्यात गोठ्यामागची काळी माती भरली, वर चांगलं कुजलेलं शेणखत घातलं आणि त्यात ती रोपं लावली. मिरचीला, झेंडूला जे मानवतं तेच घातलं होतं. चार दिवसांत सगळं काळं पडलं. मला वाटलं माझ्याकडून पाणी कमी पडलं. आज्जी डबा बघून एवढंच म्हणाली, "तिला हितलं गोड लागत न्हाई."

चांगल्या मातीत, खतात घातलेलं रोप मरतं कसं, हा प्रश्न मनात बरीच वर्षं पडून होता. त्याचं उत्तर मिळालं ते एका स्टीलच्या ताटलीत.

तोवर मी वनस्पतींबद्दल वाचायला लागले होते आणि दहापट मोठं दाखवणारं एक भिंग घेतलं होतं, दागिने पारखणारे वापरतात तसलं. एका सप्टेंबरात सड्यावरून चमचाभर चिखल आणला. ताटलीत पाणी घेऊन त्यात तो हळूहळू विरघळू दिला. माती खाली बसली आणि पाण्यात पांढुरक्या, केसासारख्या तारा तरंगत राहिल्या. मी मूळ शोधत होते. मूळ नव्हतंच. या वनस्पतीला खरी मुळं नसतातच. खोड कुठं संपलं आणि पान कुठं सुरू झालं हेही धड सांगता येत नाही. त्या तारांना जागोजागी खसखशीच्या दाण्याएवढे, काही त्याहूनही बारीक, काचेसारखे मणी लागलेले होते. भिंग डोळ्याला लावलं. मणी पोकळ होते. प्रत्येकाला एका बाजूला तोंड, तोंडाशी मिशांसारखे केस. एका मण्याच्या आत काळा ठिपका होता.

लॅटिनमध्ये युट्रिक्युलस म्हणजे चामड्याची लहान पिशवी. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, बुधली. पूर्वी तेल-तूप ठेवायची ती. युट्रिक्युलॅरिया म्हणजे बुधल्यांची वनस्पती, आणि त्या बुधल्या शिकारीसाठी आहेत.

शिकार कशी होते ते मी कितीदा तरी वाचलंय, आणि दर वेळी अंगावर काटा येतो. बुधली आपल्या पातळ भिंतींतून आतलं पाणी सतत बाहेर काढत असते. त्यामुळे आतला दाब कमी होतो आणि भिंती गालफडं बसल्यासारख्या आत ओढल्या जातात. तोंडावर एक लवचिक दार असतं, ते पाण्याच्या दाबानं घट्ट बसलेलं. पाण्यातून जाणाऱ्या एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का त्या मिशांना लागला की दार वाकतं, भिंती एकदम फुगतात आणि पाणी त्या जीवासकट आत खेचलं जातं. दार पुन्हा बंद. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी पाण्यात वाढणाऱ्या जातींवर वेगवान कॅमेरे लावून हे मोजलं आणि २०११ साली प्रसिद्ध केलं: सगळा खेळ एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात आटोपतो, आणि आत ओढल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सहाशे पटींपर्यंत जातो. वनस्पतीच्या हालचाली म्हणजे लाजाळू मिटते तेवढीच, असं ज्यांना वाटतं त्यांनी क्षणभर थांबून हा आकडा परत वाचावा. नंतर बुधली आत पाचक रस सोडते, जीव विरघळतो, त्यातलं नायट्रोजन, फॉस्फरस शोषलं जातं, आणि पाणी उपसायला पुन्हा सुरुवात होते.

हे प्रथम नीट पाहणाऱ्यांत एक बाई होत्या, मेरी ट्रीट. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात राहायच्या. चार्ल्स डार्विनशी त्यांचा पत्रव्यवहार होता. डार्विनची समजूत अशी, की प्राणी स्वतःच डोकं पाचरीसारखं घुसवून दारातून आत शिरतात. ट्रीटबाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसून राहिल्या आणि त्यांना दिसलं की जीव आत शिरत नाहीत, ओढले जातात. १८७५ साली डार्विनचं कीटकभक्षी वनस्पतींवरचं पुस्तक आलं, त्यात त्यांच्या निरीक्षणांचा उल्लेख आहे. ताटलीतल्या चिखलावर वाकलेली मी असते तेव्हा मला हटकून त्यांची आठवण येते. दीडशे वर्षांपूर्वी, दुसऱ्या खंडात, पण डबक्यातला तोच पसारा आणि तेच मान अवघडेपर्यंत बघत राहणं.

आता डालड्याच्या डब्याकडे परत येते.

जांभा म्हणजे काळ्या पाषाणाचा उरलेला सांगाडा. लाखो वर्षं पाऊस झेलून त्या पाषाणातलं विरघळण्यासारखं सगळं वाहून गेलं आणि लोह, ॲल्युमिनियम मागे राहिलं. म्हणून तो तांबडा. त्यावर माती कुठं दोन बोटं, कुठं तेवढीही नाही. आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस जी काही थोडी पोषणद्रव्यं साठतात तीही दर वर्षी धुऊन नेतो. अशा जागी जगायचं तर ज्यानं त्यानं आपली सोय बघायची. कवला शेंगवर्गातला, त्याच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नायट्रोजन बांधणारे जीवाणू नांदतात. दवबिंदू पानांवरच्या चिकट थेंबांवर चिलटं धरतो. सीतेच्या आसवांनी बुधल्या काढल्या. कासच्या पठारावर फुलणाऱ्या वनस्पतींच्या साडेआठशेच्या वर जाती नोंदल्यात, त्या या दोन बोटं मातीत. आणि जिथं दुसरं कोणी तग धरत नाही तिथं हिला मोकळं ऊन मिळतं, उंच गवताची सावली नाही, झुडपांची दाटी नाही. खत घाला, माती घाला, की गवत माजतं आणि हिचा टिकाव संपतो. माझ्या डब्यात तर गवत यायच्या आतच ते झालं होतं. मी तिला खाऊ घालून मारलं.

हे कळल्यावर मला वाईट वाटलं त्याहून जास्त आश्चर्य वाटलं, की आज्जीला ते एका वाक्यात ठाऊक होतं.

तिला पाणीसुद्धा विशिष्ट लागतं. डबकं नको, धबधबा नको. खडकावरून पातळ पदरासारखं सरकणारं, पायाचा घोटाही न भिजवणारं पाणी, जे ओढ्याच्या काठाशी येऊन झिरपत राहतं. बुधल्यांना काम करायला ओल सतत हवी, पण पानं-फुलं वाहून जाता कामा नयेत. आश्विनातल्या उन्हानं हा पदर आटायच्या आत तिला फुलून, बी धरून मोकळं व्हावं लागतं. मधमाश्या, माश्या, फुलपाखरं येतातच. आली नाहीत तरी फुलाला स्वतःच्याच परागावर बी धरता येतं. पावसाळी वाऱ्यात माशी कधी फिरकेल याचा भरवसा नसतो, तेव्हा ही तजवीज. बी धुळीसारखं. ते खडकाच्या फटीत पडून मार्च-एप्रिलचा तवा सोसतं. उन्हाळ्यात सड्यावर उभं राहून पायाखाली बघितलं तर काहीच दिसत नाही. तरी तिथं पुढचा सगळा निळा रंग असतो.

आजोळच्या जमिनीचा सातबारा मी पहिल्यांदा हातात घेतला तो आज्जी गेल्यानंतर, वाटणीच्या वेळी. एवढं जिरायत, एवढं वरकस, आणि खाली सड्याच्या तुकड्यापुढे शब्द होता, पोटखराबा. लागवडीला अयोग्य. महसुलाच्या भाषेत त्याचा अर्थ साधा आहे: इथं पीक येत नाही म्हणून आकार, म्हणजे सारा, नाही. त्या शब्दावर माझा राग नाही, कारण शेतकऱ्याच्या डोक्यावरचा सारा त्यानं कमी केला. तरी खराब म्हटलेल्या जमिनीचं काहीही केलं तरी ती सुधारणाच ठरते, हे त्या शब्दाच्या पोटात दडलेलं आहे. कोकणातल्या सड्यांवर चिरेखाणी निघतात, सुरुंग लावून आंब्याला खड्डे पाडतात. आमच्या वरच्या भागात पवनचक्क्या आल्या, त्यांच्याबरोबर रस्ते आले. भराव टाकून रस्ता केला की वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि खालच्या अंगाला तो पातळ पदर तुटतो. खडक जागेवर असतो, पाऊस तेवढाच पडतो, फुलं मात्र येईनाशी होतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथं काही बदललंय असं वाटतही नाही.

आमच्या तुकड्यात मामानं माती टाकली. जुन्या पाझर तलावाचा गाळ ट्रॅक्टरनं वर नेला, दगडाची ताल, म्हणजे बांध, रचली आणि अर्ध्या एकरात नाचणी केली. पुढे शेणखत, मग युरिया. पीक बरं यायचं. मामाच्या दोन मुलींच्या शाळेच्या फिया त्या नाचणीवर आणि दुधावर गेल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून त्या तालीकडे बोट दाखवून मी कधी काही बोलू शकले नाही, आजही बोलणार नाही.

फक्त दर वर्षी जाऊन बघत राहिले. तालीच्या आतली फुलं गेली ती गेलीच. पण तालीच्या खालच्या अंगाला, जिथं कोणी माती टाकली नव्हती, तिथंही दोन-तीन पावसाळ्यांत गवत वाढायला लागलं. खताचं पाणी पाझरून खाली येत होतं. आधी ओढ्याकडचा पट्टा हिरवा झाला, मग हळूहळू वरचा. निळा रंग मागे सरत सरत ओढ्यापलीकडच्या कातळावर गेला. ढोरं पूर्वी तिथं चरायची, गवत बुटकं राहायचं; घरातली जनावरं कमी झाल्यावर तेही थांबलं.

गुरांचं हे कासलाही अनुभवाला आलंय. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत महाराष्ट्रातल्या चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. कासला गर्दी उसळली. फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून तारेचं कुंपण घातलं, तसं चरणंही थांबलं. पुढं फुलं कमी झाल्याची ओरड झाली आणि कुंपण काढलं. मी कासला गेले तेव्हा एक कुटुंब आसवांच्या गालिच्यावर चक्क आडवं पडून फोटो काढत होतं. मी त्यांना ओरडले नाही. त्यातल्या लहान मुलीला भिंग दिलं आणि वाटेच्या कडेला उकिडवं बसवून एकच फूल दाखवलं, खालच्या ओठावरचा पांढरा ठिपका, मागची शेपटी. ती बघत असताना आई-बाबा आपोआप उठले आणि मागे येऊन उभे राहिले. मला वाटतं माणसांना या फुलाचा आकारच माहीत नसतो. हजारोंनी एकत्र आलं की त्याचा रंग होतो आणि रंगावर माणूस लोळतो.

खरं तर मला कासपेक्षा आमचा ओढ्यापलीकडचा कातळ जवळचा. दोन खोल्यांएवढीच जागा आहे ती. गेल्या भाद्रपदात गेले तेव्हा मामाही बरोबर आला. आता त्याचे गुडघे दुखतात, काठी टेकत चढला. पाऊस नुकताच उघडला होता. कातळावरून पाणी सरकत होतं आणि त्यात आसवं आणि गेंद दाटीवाटीनं उभे होते. मामानं ओढ्याच्या अलीकडेच वहाणा काढल्या. आज्जीचा दंडक त्यालाही होता, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

मी पिशवीतून ताटली काढली, चमचाभर चिखल घेतला आणि पाण्यात सोडला. मामा शेजारी दगडावर बसला. भिंग धरायला त्याला जमेना, मी हात धरून डोळ्याशी नेलं.

"हे मणी कसले?"

"तोंडं हाईत ती, मामा. पाण्यातलं बारीक बारीक जीव वढून घेत्यात."

सड्यावर गेलं की माझी भाषा आपोआप आज्जीची होते.

"आणि मातीतलं?"

"मातीत काय न्हाईच की हितं."

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं मान वर करून मागे ओढ्याच्या अलीकडे राहिलेल्या आपल्या तालीकडे पाहिलं, तिथून खाली आलेल्या गवताच्या हिरव्या पट्ट्याकडे पाहिलं. काही बोलला नाही. नाचणी त्यानं दोन वर्षांपूर्वीच बंद केलीय, ताल मात्र तशीच आहे.

मी ताटली ओढ्यात रिकामी करायला उचलली, तसा त्यानं माझ्या मनगटाला हात लावला.

"कुठनं उचललीस?"

मी जागा दाखवली. कातळाच्या त्या खळग्याला चमच्याचा वण अजून होता. मामा काठी टेकत तिथवर गेला, वाकता येत नव्हतं तरी वाकला आणि ताटलीतलं पाणी, चिखल, तारा, मणी सगळं त्या वणावर हळूहळू ओतलं. मग बोटानं चिखल थोडा थापून बसवला.